वेलिकाबाईंचा अक्रोड

आमच्या गावात वेलिका ताबाकोवा हे नाव काढा, पन्नाशी ओलांडलेला कुणीही आधी हसेल आणि मग नकळत पाठ सरळ करून बसेल. बाईंची तशी जरबच होती. रोसित्सा नदीच्या अलीकडच्या काठावर आमची शाळा, आणि त्या शाळेत बाईंनी सव्वीस वर्षं गणित शिकवलं.

मी गिना. बसस्टँडसमोर माझं बानित्साचं दुकान आहे. चाळीस वर्षं मी पीठ लाटतेय, पापुद्रे काढतेय, त्यात चीज भरतेय. माझं तोंड फटकळ आहे असं गिऱ्हाइकं मला तोंडावर सांगतात, आणि सकाळी सहाला तीच रांगेत उभी असतात. आता बानित्सावालीनं गणिताच्या बाईंबद्दल काय सांगायचं, असं कुणाला वाटेल. वाटू दे. गावात बाईंची जी गोष्ट सांगतात ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी आम्हा दोघींनाच ठाऊक होती, आणि बाई गेल्या हिवाळ्यात गेल्या. आता मी नाही सांगितली तर ती माझ्याबरोबर जाईल.

बाईंची शिकवायची तऱ्हा अशी. वर्गात यायच्या, फळ्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ ओढायच्या. रेघेच्या डावीकडे डावी बाजू, उजवीकडे उजवी बाजू. वर लिहायच्या, सिद्ध करा. मग ठरलेला नियम: एका बाजूनं निघायचं आणि पायरी पायरीनं दुसऱ्या बाजूशी पोचायचं. जे सिद्ध करायचंय तेच खरं धरून दोन्हीकडे गुणाकार भागाकार करत सुटलात, की संपलं. मी ते हमखास करायची. बाई म्हणायच्या, "गिना, मासा अजून नदीत आहे आणि तू कढई तापवतेस." सगळा वर्ग हसायचा. मला राग यायचा, पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

आणि प्रत्येक पायरीला एकच प्रश्न, "का?" बस्स. साइनचा वर्ग अधिक कॉसचा वर्ग बरोबर एक, असं लिहिलं, की का. त्रिकोण काढा, पायथागोरस सांगा, मगच पुढं. पायरीचं कारण बाई कधीही स्वतः सांगायच्या नाहीत. ओळ त्यांची, कारण आमचं. तासाला पन्नास वेळा तरी का ऐकू यायचं. घरी आई म्हणाली भांडी घास, तर माझ्या तोंडून का निघालं, आणि मग जे काय मिळायचं ते मिळालं.

या सगळ्याच्या आधी मात्र एक ओळ असायची, आणि तिच्यावर बाईंचा जीव. दिसायला दोन वेगळ्या गोष्टी, पण कुठलाही कोन घाला, किंमत एकच, याला नित्यसमानता म्हणायचं. पण बाई म्हणायच्या की कुठलाही म्हणताना जीभ सांभाळा. ज्या कोनाला छेदात शून्य येतं तिथं त्या गोष्टीला अर्थच उरत नाही. म्हणून पहिल्या ओळीत असे कोन शोधायचे आणि बाहेर काढायचे. डावीकडचा छेद बघायचा, उजवीकडचा छेद बघायचा, आणि मगच हात लावायचा. ही ओळ विसरला त्याला सहापैकी दोन गुण, म्हणजे नापास, मग पुढचं कितीही सुंदर असो. "घरात कोण नाहीये ते आधी बघा," त्या म्हणायच्या, "आणि मग ताटं मांडा."

आता अक्रोड. बाईंच्या अंगणात अक्रोडाचं जुनं झाड होतं. रोज तासाला बाई फळ्यावर एक चूक मुद्दाम करायच्या. कधी चिन्ह फिरवायच्या, कधी पहिली ओळ अर्धवट सोडायच्या. ज्याला दिसेल त्यानं बाई चुकलात असं म्हणायचं नाही. उभं राहायचं आणि बाईंनाच विचारायचं, "का?" बरोबर असेल तर बाई कोटाच्या खिशातून एक अक्रोड काढून हातावर ठेवायच्या. लूचेझार म्हणून एक मुलगा होता, पहिल्या बाकावरचा, सगळ्यात हुशार. त्याच्याकडे अक्रोडांची पिशवी भरली होती. माझ्याकडे दोन वर्षांत एकही नव्हता. मला चूक दिसायचीच नाही असं नाही, पण मी उभी राहीपर्यंत लूचेझार उभा असायचा.

आम्ही शेवटच्या वर्षाला होतो, अठ्ठ्याहत्तर सालचा नोव्हेंबर. बाई पिंपात कोबी भरत होत्या, हिवाळ्याच्या लोणच्याचा, आणि तिथंच पडल्या. मेंदूत रक्त साकळलं होतं. उजवा हात लुळा पडला, ओठाचा उजवा कोपरा उतरला, आणि बोलणं गेलं. सगळं समजायचं, पण शब्द यायचा नाही. पाणी हवं असलं तरी बोटानं दाखवावं लागायचं. वय एक्कावन्न. नवरा आधीच वारलेला, मुलगा राजधानीत, सोफियात नोकरीला. आम्ही दवाखान्यात बघायला गेलो तर बाईंनी तोंड भिंतीकडे केलं. मी बाहेर येऊन रडले. ज्या बाईला मी दोन वर्षं मनात शिव्या घातल्या तिच्यासाठी मी रडत होते, त्याचाही मला राग आला.

त्यांच्या जागी एक तरुण मास्तर आला. तो सिद्धता तोंडानं सांगायचा आणि आम्ही उतरवून घ्यायचो. का कुणी विचारत नव्हतं. परीक्षा जूनमध्ये, आणि आमच्या वह्या मात्र अगदी सुबक.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी दार उघडलं आणि बाई आत आल्या. उजवा खांदा चौकटीवर आपटला. आम्हाला वाटलं, पायात जोर नसेल. कोट तोच, राखाडी. त्यांनी डाव्या हातात खडू घेतला आणि मधोमध रेघ ओढली, वाकडीतिकडी, पहिलीतल्या पोरानं ओढावी तशी. मग एक नित्यसमानता लिहिली. बाईंनी पहिली पायरी लिहिली, आमच्याकडे वळल्या, ओठ हलवले, आणि स्वच्छ, ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "का?"

तो एकच शब्द उरला होता. भाकरी नाही, पाणी नाही, मुलाचं नाव नाही. डॉक्टर म्हणाले होते की कधीकधी असं होतं, जो शब्द आयुष्यभर जिभेवर घोळला तोच मागे राहतो. आम्ही सगळे हसलो, आणि हसता हसता दोनतीन पोरींनी डोळे पुसले. लूचेझारनं उभं राहून कारण सांगितलं. बाईंनी पुढची पायरी लिहिली. का? आणि असा तो तास पार पडला. खरं सांगते, इतकं चांगलं गणित मी त्याआधी शिकले नव्हते. बाई बोलू शकत नव्हत्या म्हणून सगळं आम्हालाच बोलावं लागायचं, ढ पोरांनासुद्धा.

एक गोष्ट मात्र बंद झाली होती, अक्रोड. बाई मुद्दाम चूक करेनात. टेबलावर उजव्या हाताशी ठेवलेला चहाचा ग्लासही त्यांच्याकडून दोनदा सांडला होता. आम्हाला वाटलं, आता कुठं त्या बिचारीला खेळायचं बळ. कुणी विषय काढला नाही.

एप्रिलमध्ये हेडमास्तरांनी सांगितलं की जिल्ह्याहून माणसं येणार आहेत, एक निरीक्षक आणि एक डॉक्टरीणबाई. ते वर्गात बसून बघणार, आणि वेलिकाबाईंना ठेवायचं की आजारपणाच्या पेन्शनवर घरी बसवायचं ते ठरवणार. हेडमास्तर वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या आवाजावरून कळलं की त्याला आशा नव्हती. शाळेत झाडलोट करणाऱ्या दोन्काकाकू बाईंच्या शेजारी राहायच्या. त्या आम्हाला म्हणाल्या, "घरी ती दिवसभर खिडकीशी बसून असते. ओठसुद्धा हलवत नाही. इथं येते तेव्हाच तिच्या तोंडून आवाज निघतो. इथून काढली तर ती गेलीच म्हणून समजा."

त्याच दुपारी लूचेझारनं सगळ्या वर्गाला व्यायामशाळेमागं गोळा केलं. म्हणाला, बाई हल्ली खरोखर चुकतात, मी बघितलंय. परवा दोनदा झालं, मी हळूच वहीत सुधारून घेतलं. उद्या त्या चुकल्या आणि कुणी उठून का म्हणालं, तर निरीक्षकाला आयतं कोलीत मिळेल. तेव्हा उद्या कुणी का म्हणायचं नाही. जी ओळ असेल तिला कारण द्यायचं आणि खाली बसायचं. कबूल? आम्ही सगळे कबूल म्हणालो. मीही म्हणाले. आमचं बाईंवर प्रेम होतं, आणि प्रेमापोटी माणूस किती मूर्खपणा करतो ते तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्काकाकूंनी तांब्याच्या भांड्यात फूल घालून वर्गाच्या उंबऱ्यावर पाणी ओतलं. परीक्षेला जाणाऱ्याच्या वाटेवर ओततात तसं, काम पाण्यासारखं सुरळीत वाहावं म्हणून. हेडमास्तर त्या पाण्यावरून घसरता घसरता वाचले. निरीक्षकांचं नाव कामेनोव. मोठ्या कपाळाचा, गाब्रोवोचा माणूस. गाब्रोवोवाल्यांचा चिक्कूपणा तुम्हाला माहीतच आहे, हसायचं झालं तर तेही काटकसरीनं. ते डॉक्टरीणबाईंबरोबर मागच्या बाकावर बसले आणि वही उघडली.

बाईंनी रेघ ओढली. समोरच्या कागदावरून बघून लिहायला लागल्या. डावीकडे साइन एक्स, त्याच्या खाली छेदात एक वजा कॉस एक्स. उजवीकडे एक अधिक कॉस एक्स, त्याच्या छेदात साइन एक्स. मग पहिली ओळ, त्यांची लाडकी. कॉस एक्स एक असता कामा नये. त्याखाली दोनदा अधोरेखा. आणि तिथंच थांबल्या.

मी वाट बघितली. उजवीकडच्या छेदात साइन एक्स होता. तोही शून्य असता कामा नये, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी लूचेझारकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. म्हणजे त्यालाही दिसलं होतं.

"का?" बाईंनी त्याच्याकडे खडू रोखला.

तो उठला, डावीकडचा छेद शून्य होऊ नये म्हणून, असं म्हणाला, आणि बसला. उजवीकडचं नाव त्यानं काढलं नाही. मागं कामेनोव काहीतरी लिहीत होते, पेनचा आवाज येत होता. बाईंनी डाव्या बाजूला वर आणि खाली एक अधिक कॉस एक्सनं गुणलं. का? एका मुलीनं कारण सांगितलं. छेदात एक वजा कॉसचा वर्ग आला, म्हणजेच साइनचा वर्ग. का? कारण सांगितलं. मग वरचा एक साइन आणि खालचा एक साइन खोडला. का? दोन्हीकडे तोच अवयव आहे म्हणून, असं कुणीतरी पुटपुटलं. आता साइन शून्य नाही ही खात्री असल्याशिवाय तो खोडायचा अधिकारच नाही, हे आमच्या वर्गातला ढही जाणत होता. ढ म्हणजे मी.

सिद्धता पुरी झाली. बाईंनी खडू खाली ठेवला नाही. त्या वर्गाकडे बघत राहिल्या. एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली. आम्ही खाली बघायला लागलो. मी मान वर केली तेव्हा त्या माझ्याकडे बघत होत्या. भीती म्हणावी तर ती भीती निरीक्षकाची नव्हती. ओळखीच्या घरात शिरावं आणि तिथं कुणीच ओळखीचं नसावं, असा काहीतरी तो चेहरा होता. काहीतरी बिनसलंय एवढं त्यांना कळत होतं, पण काय ते सापडत नव्हतं, आणि आम्ही तीस जण ते माहीत असून गप्प बसलो होतो.

मला आमचं कबूल झालेलं आठवत होतं. दोन्काकाकूंचं बोलणं आठवत होतं. मी तोंड उघडलं तर ही बाई उद्यापासून खिडकीशी बसणार. पण नाही उघडलं तर? मग ती उभी राहील फळ्यापाशी, आणि आम्ही तिला खोटं खोटं हो म्हणत राहू, लहान पोराला म्हणतात तसं. माझं डोकं फिरलं. आयुष्यात माझं तोंड कधी वेळेवर बंद राहिलं नाही, आणि त्या दिवशीही राहिलं नाही. मी उभी राहिले.

"का?" मी म्हणाले.

लूचेझारनं मागं वळून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याची आई मारली. बाईंच्या डोळ्यांत मात्र काहीतरी हललं. त्यांनी तोच शब्द मला परत दिला, "का?"

मी म्हणाले, "एकशेऐंशी अंश घाला, बाई. डावीकडे शून्य भागिले दोन, म्हणजे शून्य. उजवीकडे खाली शून्य येतं. तिथं उजवी बाजूच नाही. मग समान कशाला म्हणायचं?"

बाईंनी फळ्याकडे बघितलं. मग हळूहळू अख्खी मान, अख्खं अंग उजवीकडे वळवलं, आणि तो छेद बघितला. खूप वेळ बघितला. पुढं होऊन बाहीनं पहिली ओळ पुसली, आणि डाव्या हातानं लिहिलं, साइन एक्स शून्य असता कामा नये. त्यात कॉसचीही सोय होते, दुसरं काही लिहावं लागत नाही. मग त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला, माझ्या बाकापर्यंत चालत आल्या, आणि माझ्या हातावर अक्रोड ठेवला.

वर्गानं सुस्कारा सोडला. अक्रोड आला, म्हणजे चूक मुद्दामच केलेली होती. कामेनोवनी विचारलं, हा काय प्रकार. हेडमास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी सांगितलं की साहेब, ही बाईंची जुनी पद्धत, रोज एक चूक मुद्दाम करतात आणि पकडेल त्याला अक्रोड. कामेनोवनी वही मिटली. म्हणाले, पोरं बाईंची चूक काढतात आणि बाई बक्षीस देतात, अशी शाळा मी तरी बघितली नाही. आणि चक्क हसले. बाईंना ठेवलं. त्या पुढं सात वर्षं शिकवत राहिल्या.

ही झाली गावातली गोष्ट. बोलता न येणाऱ्या बाईंनी निरीक्षकाला कसं बनवलं, असं लोक सांगतात, आणि माझ्या दुकानात रांगेत उभं राहून मलाच सांगतात.

मी त्या दिवशी घरी जाताना पुलावर दगडानं तो अक्रोड फोडला. माझा पहिला अक्रोड, दम कुठला निघायला. टरफल खिशात घासून घासून गुळगुळीत झालेलं, भेगेत कोटाच्या कापडाचे धागे. आतला गर आक्रसून काळा पडलेला. तो त्या सकाळी ठेवलेला अक्रोड नव्हता. नोव्हेंबरपासून, पडायच्या आधीपासून, तो तसाच खिशात विसरलेला होता. मी पुलावर उभी राहिले आणि मला सगळं कळलं. चौकटीवर आपटणारा खांदा. उजव्या हाताशी ठेवलेला आणि दोनदा सांडलेला चहाचा ग्लास. बाईंना उजवीकडचं दिसत नव्हतं. चूक खरी होती.

मी कुणाला बोलले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तर बाईंनी माझं दप्तर उचललं आणि पहिल्या बाकावर, फळ्याच्या उजव्या टोकाशी नेऊन ठेवलं. लूचेझारला बाजूला सरकावं लागलं. पोरं म्हणाली, एका अक्रोडात गिना राणी झाली. जूनपर्यंत मी तिथं बसले. बाईंची मान वळायची राहिली की मी का म्हणायची, आणि त्या वळायच्या. उजवी बाजू सांभाळायची म्हणून मला रोज सगळं समजून घ्यावंच लागलं. परीक्षेत मला सहापैकी पाच मिळाले. माझ्या आईनं कागद खिडकीपाशी धरून तीनदा वाचला.

नंतर बाईंचं बोलणं थोडं थोडं परत आलं, तुटक तुटक. दर रविवारी मी बानित्सा घेऊन जायची, आणि ताट त्यांच्या डावीकडे ठेवायची. शेवटच्या वर्षी एकदा मी धीर करून विचारलं. तो दिवस आठवतो ना, म्हटलं. गावात कुणाला ठाऊक नाही, पण मला ठाऊक आहे. समोर निरीक्षक बसलेला, अर्धा फळा आपल्याला दिसत नाही हे त्या क्षणी कळलं, आणि तरी तुम्ही खिशात हात घालून माझं देणं दिलंत. माझ्याच्यानं ते झालं नसतं. बाई नुसत्या बानित्साचा पापुद्रा सोलत राहिल्या.

मग मी म्हटलं, "पण दुसऱ्या दिवशी त्या बाकावर मला का बसवलंत, बाई? मी ढ. लूचेझार केवढा हुशार होता."

त्यांना शब्द जुळवायला बराच वेळ लागला. मी घाई केली नाही.

"तो," बाई म्हणाल्या, "गप्प बसला."